घरच्यांना कसली मजुरी

आमच्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. माझा चुलत भाऊ तिथं क्लार्क आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय यायचा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या हद्दीवर कुठंतरी ते आहे, एवढं पुरे. मॅडमचं नाव मात्र सांगते. नीलम सुवालाल भटेवरा. तिसऱ्या वर्षाला आम्हाला अकाउंट्स आणि कॉर्पोरेट फायनान्स शिकवायच्या. मागं एका लग्नात एक बाई म्हणाली, "ती भटेवरा मॅडम ना? तिनंच पोरांची वर्षं घालवली." मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि भर मांडवात त्या बाईला अशी झापली, की नवरा मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. अहो, बोलणारीचं काय जातंय? वर्ष माझं गेलं होतं. बोलायचा हक्क असलाच तर तो माझा आहे, म्हणून बोलते.

मॅडम जुन्नरच्या. बाजारपेठेतल्या गल्लीत सुवालालजींचं भुसाराचं दुकान, खाली दुकान आणि वर घर. मूळचे राजस्थानचे म्हणायचे, पण सुवालालजी गिऱ्हाइकाशी "काय पावणं, लई दिसानं?" असंच बोलायचे. दुकानाचे हिशेब नीलम मॅडम दहावीत असल्यापासून लिहीत होत्या. गल्ल्यावर बसायचा तो त्यांचा धाकटा भाऊ संयम. मॅडमनी पुण्याला राहून एम.कॉम. केलं, प्राध्यापक व्हायला लागते ती सेटची परीक्षाही पास झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमची छाती नव्हती, आणि आम्हाला काय करायच्या होत्या त्या चौकश्या?

नव्वद साली कॉलेजात कॉमर्स सुरू झालं, तेव्हापासून मॅडम तिथं. शाखा विनाअनुदानित, म्हणजे पगाराला सरकारचा पैसा नाही, संस्था देईल तो घ्यायचा. संस्था तासावर पैसे द्यायची, तेही एकदा दिवाळीला आणि एकदा मार्चमध्ये, आणि तेही पूर्ण कधी नाही. "एकदा अनुदान येऊ द्या मॅडम, पहिली कायम होणार ती तुम्हीच," असं अध्यक्ष सावळेराम दादा दर गॅदरिंगला स्टेजवरून सांगायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तासांचं सोडा, ॲडमिशनची गर्दी आली की टेबलावर मॅडम. ऑडिटर आला की त्याच्यासमोर मॅडम. पेपरला सुपरव्हिजन, सहलीला मुलींबरोबर जाणं, सगळीकडं मॅडम. त्याचे पैसे मागितले तर प्राचार्य जीभ चावायचे. "मॅडम, अहो, तुम्ही घरच्याच ना!"

हे 'घरच्याच' मी इतक्या वेळा ऐकलंय, की अजून कुणी म्हटलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मॅडमचं शिकवणं कसं होतं, ते एका तासावरून सांगते. नव्याण्णवचा पावसाळा संपत आला होता. धडा होता भांडवलाच्या खर्चाचा, म्हणजे कंपनी जो पैसा वापरते तो तिला कितीला पडतो. पुस्तकातलं मराठी असं, की वाचताना दातात खडा यावा. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि निरगुडसरच्या भरतला उभं केलं. "तुमचा टोमॅटो असतो ना? एकराचा खर्च सांग." भरतला काय, तोंडपाठ. रोपं, खतं, औषधं, बांबू, तार, सुतळी, नारायणगावला माल न्यायचं पिकअपचं भाडं.

"आणि तोडणी?"

"घरचेच करत्यात मॅडम. आई, काकी, दोघी बहिणी."

"त्यांची मजुरी धरली नाहीस."

भरत हसला, अख्खा वर्ग हसला. "मॅडम, घरच्यांना कसली मजुरी!"

झालं! मॅडमनी खडू असा आपटला, की त्याचे तुकडे पहिल्या बाकापर्यंत आले. "हसताय काय? त्या चौघी दुसऱ्याच्या वावरात गेल्या असत्या तर रोज मिळाला असता की नाही? तो बुडाला ना? मग तो खर्चच! मागत नाही म्हणून फुकट? बँक व्याज मागते, म्हणून बँकेचा पैसा तुम्हाला महाग वाटतो. मालकाचं भांडवल गप्प बसतं, म्हणून फुकट वाटतं. अरे, ते बँकेपेक्षा महाग पडतं! कंपनी बुडाली तर आधी बँक आपलं काढून घेते, मालकाच्या हाताला शेवटी उरलंसुरलं. तेवढा धोका तो कशाच्या आशेवर घेतो?" शेजारच्या वर्गात मराठीचा तास चालू होता, तो बंद पडला. तिथले सर दारात येऊन बघून गेले. मॅडमना पत्ताच नाही.

त्या दिवसापासून मला तो विषय कळला. पुस्तकानं नाही कळला, मॅडमच्या रागानं कळला. आमच्या गावी आळ्याला घरी आल्यावर मी चुलीपुढं आईला सगळं सांगितलं. माझी आई साळुबाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. ती पदर तोंडाला लावून हसली आणि वडलांना म्हणाली, "ऐकलं का? तुमच्याकडं माझा लई रोज बाकी हाये." वडील म्हणाले, "कॉलेजात हे असलं शिकिवत्यात व्हय?" आणि उठून ओट्यावर गेले.

आणि त्याच नव्याण्णवच्या दिवाळीनंतर अनुदान आलं. कायम जागा मंजूर झाली. पेपरात जाहिरात आली, अर्ज मागवले. आम्ही मुलींनी तर मॅडमसाठी पेढे आणायला वर्गणी काढली होती.

आता इथं मला मॅडमचाच राग येतो. अजून येतो! हे मला पुढं त्यांनीच सांगितलं. जाहिरात आली त्या दिवशी त्या अर्ज लिहून प्राचार्यांकडं घेऊन गेल्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हाला अर्ज कशाला? बाहेरच्यांनी करायचा तो. तुम्ही घरच्याच. तुमची फाइल आहे की आमच्याकडं." आणि मॅडम तो अर्ज पर्समध्ये घालून परत आल्या. अहो, ज्या बाईनं आम्हाला घसा फोडून सांगितलं की घरचं म्हणून काही फुकट नसतं, ती बाई त्या एका शब्दाला भुलली. नऊ वर्षं कानावर पडत होता ना, खरा वाटायला लागला असणार. दुकानात घरची, कॉलेजात घरची. अर्ज टाकणं म्हणजे घरच्यांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं. मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, असं कसं केलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या, "लाज वाटली गं मला." कसली लाज! लाज ज्यांना वाटायला हवी होती ते इस्त्रीचे कपडे घालून हिंडत होते.

मुलाखती डिसेंबरात झाल्या. उमेदवारांनी आधी वर्गावर शिकवून दाखवायचं आणि मग ऑफिसात मुलाखत, अशी पद्धत होती. वर्ग आमचा, तिसऱ्या वर्षाचा. मागच्या बाकावर पुण्याहून आलेले विद्यापीठाचे तज्ज्ञ, प्राचार्य आणि सावळेराम दादा. वर्ग झाडून घेतला मॅडमनी, फळा पुसला मॅडमनी, पाहुण्यांच्या चहापोह्याचं बघितलं मॅडमनी. उमेदवारांना एकेक करून नावानं आत बोलवत होत्या, त्याही मॅडमच. आम्हाला वाटलं, शेवटी मॅडमचा नंबर असेल.

शेवटून दुसरे आदेश सर आले. सावळेराम दादांच्या मेहुण्याचा मुलगा. सेट अजून व्हायची होती. मॅडमची होऊन तीन वर्षं झाली होती. कोट घालून आले, हातातल्या कागदाकडं बघत बोलायला लागले. म्हणाले, "शेअर भांडवलावर कंपनीला व्याज द्यावं लागत नाही, म्हणून ते कंपनीला फुकट पडतं."

वर्ग खदखदून हसला. भरत उभा राहिला, "सर, मालकाचं भांडवल फुकट नसतंय." दादांनी मागून आवाज दिला, "ए, खाली बस रं!" आदेश सरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि पुढचा कागद काढला.

त्यानंतर एक उमेदवार झाला आणि सगळे उठले. मीच ओरडून विचारलं, "मॅडम, तुमचं कधी?" मॅडम दारात उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "माझं कशाला? माझं नऊ वर्षं चालूच आहे." आणि ऑफिसकडं गेल्या. आम्ही पाच-सहा जण त्यांच्या मागं गेलो. ऑफिसचं दार उघडंच होतं.

तज्ज्ञांनी विचारलं, "या कोण?"

"भटेवरा मॅडम," प्राचार्य म्हणाले. "विषय सध्या त्याच बघतात."

"मग यांचा अर्ज कुठंय?"

प्राचार्य कागद खालीवर करायला लागले. मॅडम म्हणाल्या, "सर, अर्ज नको म्हणून तुम्हीच सांगितलंत." प्राचार्य कागदच चाळत राहिले. मग सावळेराम दादा बोलले. अगदी मायेनं बोलले, त्याचाच जास्त संताप येतो. "अहो साहेब, मॅडमना अर्ज कशाला? त्या घरच्याच हायेत. त्या कुठं जात्यात? आदेशला आत्ता न्हाई घेतला तर तो पुण्याला निघून जाईल. मॅडमचं पुढच्या जागंला बघू."

मॅडमचा चेहरा मी बघितला. आधी पांढरा झाला, मग लाल. पण आवाज चढला नाही. वर्गात गणितातली चूक दाखवताना बोलायच्या, तशा बोलल्या. "दादा, मी घरची ना?"

"म्हंजे काय! घरच्याच."

"घरच्या माणसाला वाटा असतो. माझा वाटा सांगा. वाटा नसेल तर मी मजूर, मग मजुरी सांगा. वाटाही नाही आणि मजुरीही नाही, असं माणूस कुठल्या हिशेबात बसतं, ते तरी सांगा."

दादा मोठ्यानं हसले. "मॅडम, लेक बी घरचीच असती की. पण लेकीला वाटा कोण देतं? लेकीनं हसत सही करून मोकळं व्हायचं असतं."

सगळे हसले. ते पुण्याचे तज्ज्ञसुद्धा चहाचा कप खाली ठेवून हसले. मेल्यांनो, हसता कशाला? आमच्याकडं बाप गेला की भाऊ बहिणींना गाडीत घालून तालुक्याला नेतात, हक्कसोडीवर सही घेतात, साडीचोळी करतात आणि जेवायला घालतात. माझ्या बयाबाई आत्यानं अशीच सही केली आणि येताना भावाच्या पोरांना खाऊही घेऊन आली. कायदा चौऱ्याण्णवलाच बदलला होता, पण कायद्याला विचारतो कोण? सही न करणारी बहीण वाईट, माहेराला मुकलेली. हे सगळं मॅडमना माहीत होतं, दादांनाही माहीत होतं, म्हणून तर ते हसू शकले.

मॅडमनी वर्गाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पर्स उचलली आणि बाहेर पडल्या. आमच्याजवळून गेल्या, पण आमच्याकडं बघितलं नाही. पुढचा तास त्यांचाच होता. त्या फाटकाबाहेर जाऊन एसटीला उभ्या राहिल्या.

आदेश सर रुजू झाले. फळ्यावर पुस्तकातलं उतरवायचे आणि आम्ही वहीत उतरवायचो. कुणी शंका विचारली की म्हणायचे, "परीक्षेला येत नाही ते." संक्रांत झाल्यावर परीक्षा जवळ दिसायला लागली, तसे प्राचार्यही घाबरले. मग दादांनी डोकं चालवलं. आपली जीप दिली, आम्हा चार-पाच मुलींना आत बसवलं आणि सांगितलं, "तुमी जावा. तुमचं ऐकतील त्या. म्हणावं, आमच्यासाठी या."

जुन्नरला सुवालालजींनी आम्हाला दुकानात बसवून चहा दिला. मॅडम वरून खाली आल्या. आम्ही पढवल्यासारखं म्हटलं, "मॅडम, आमच्यासाठी या." त्यांनी दाराबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "कुणी पाठवलं? जीप कुणाची आहे बाहेर?" आम्ही काय सांगणार! "मुलांसाठी म्हणून नऊ वर्षं आले. त्यांना माहितीये, मी मुलांसाठी येते. म्हणून तर तुम्हाला पाठवलं. नाही येणार."

"बेटा, पोरींचं वर्ष जाईल," त्यांची आई सुमतीबाई आतून म्हणाल्या. सुवालालजीही म्हणाले, "जा ना. कॉलेज काय, आपल्या घरचंच आहे."

"पप्पा, पुन्हा तो शब्द काढू नका!" मॅडम अशा ओरडल्या, की दुकानातलं गिऱ्हाईक थबकलं. त्या जिना चढून वर गेल्या. वरून त्यांच्या रडण्याचा आवाज आम्हाला खाली येत होता. तरीही मला त्यांचा भयंकर राग आला. परत येताना जीपमध्ये मी त्यांना नाही नाही ते बोलले.

जूनमध्ये निकाल लागला. कॉर्पोरेट फायनान्समध्ये निम्म्याच्या वर वर्ग झोपला, त्यात मी आणि भरत. गावभर एकच बोलणं, मॅडमनी पोरांचं वाटोळं केलं. दादांनी पालकांच्या सभेत सांगितलं, "आपल्याच माणसानं घरात आग लावली." आदेश सर त्याच स्टेजवर बसले होते, त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. त्यांचा पगार एक तारखेला होत होता! त्या सभेत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅडम होत्या तोवर त्यांची किंमत शून्य, आणि गेल्या तर अख्खं कॉलेज आडवं. मग फुकटात कोण कुणाला पोसत होतं? तळपायाची आग मस्तकात गेली. मी मधूनच उठून बाहेर आले.

घरी वडलांचं सुरू झालं, "बास झालं आता शिक्षण. पोरगं बघू." मी म्हटलं, ऑक्टोबरला पुन्हा बसणार. आई म्हणाली, "बसू द्या तिला." मग मी आईला घेऊन एसटीनं जुन्नर गाठलं.

मॅडम दुकानातच होत्या. मला बघून त्या कसनुशा हसल्या. "तुझं वर्ष गेलं ना तेजस्विनी? माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं न्हाई," मी म्हटलं. राग आला की माझी भाषा गावावर येते. "शिकवणी घेता का? ऑक्टोबरपर्यंत."

"घेईन. फी पडेल." हे म्हणताना त्यांची नजर माझ्याकडं नव्हती, जिन्याकडं होती. आकडा त्यांनी इतका हळू सांगितला, की मला पुन्हा विचारावा लागला.

आकडा ऐकून आई पुढं आली. तिनं हात जोडले. "मॅडम, तुमच्या लेकीवानीच हाये वो ती. घरचीच समजा. फीचं काय घिऊन बसलाय..."

आणि मला दिसलं, मॅडमची मान खाली गेली. ओठ हलायला लागले. आता त्या 'असू दे, असू दे' म्हणणार होत्या. नऊ वर्षांची सवय ती, सहा महिन्यांत थोडीच जाते?

"आई, गप बस!" मी ओरडले. संयम गल्ल्यावरून उठून उभा राहिला. "मी त्यांच्या घरची न्हाई. त्या माझ्या कोण न्हाईत. शिकिवणार हायेत, पैसे घेणार हायेत. काढ पैसे!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांसमोर लेक अशी बोलली म्हणून ती पुढं आळ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण कमरेची पिशवी सोडली आणि पैसे काढून मॅडमपुढं धरले. मॅडमनी ते घेतले. सगळे घेतले, त्यातला एक रुपया परत केला नाही. म्हणाल्या, "मागितल्यावर मिळाले. पहिल्यांदाच." आणि पदरानं डोळे पुसून माझ्यावर खेकसल्या, "उभी काय राहिलीस? वही काढ!"